बादलीतलं धान आणि प्रसादचा कॅमेरा

३ ऑक्टोबर २००५, सोमवार. मूल, जि. चंद्रपूर.

दुपारच्या एसटीने चंद्रपूरहून पार्सल आलं. कंडक्टरने स्टँडवर माझं नाव असं पुकारलं, जणू मीच हरवले होते.

प्रसादने कॅमेरा पाठवलाय. डिजिटल. प्रसाद ह्यांचा पुतण्या. हे गेल्यापासून दर रविवारी फोन करतो, चंद्रपूरला फोटो स्टुडिओ चालवतो. सोबत चिठ्ठी: "काकू, रीळवाले कॅमेरे आता जातील. हा साधा, स्वस्तातला, नवशिक्यांसाठी. दुकानात ठेवावा की नाही ठरवायचं आहे. दीड-दोन महिने वापरा अन् काय जमते, काय अडते ते खरं खरं लिहून द्या. तुम्हाला जमलं तर कोणालाही जमेल."

शेवटचं वाक्य स्तुती आहे की काय, कळेना.

साबणाच्या वडीएवढा आहे. मागे काडेपेटीएवढा पडदा. त्यात माझं स्वयंपाकघर इवलंसं होऊन हललं. मी दचकून कॅमेरा ओट्यावर ठेवला. पुन्हा उचलला.

४ ऑक्टोबर

अकरा फोटो. सातांत अंगठा.

प्र.साठी नोंद: नवशिक्याचा अंगठा भिंगावर येतो. हे माहितीपुस्तकात लिहिलेलं नाही.

न आवडलेला फोटो पुसता येतो, लगेच, मागे काही न उरता. ह्यांच्या रीळच्या काळात छत्तीसांत छत्तीस जपून काढायचो. दिवाळीचे चार, सहलीचे सहा. इथे फुकट आहे म्हणून मी एका पालीचे तीन काढले.

६ ऑक्टोबर

किराणा दुकानातले सेल वीस-बावीस फोटोंतच बसले. चार्जचे सेल प्र.ने दिलेत, पण भारनियमन. दुपारी दोन ते सहा लाइट नाही. म्हणजे सकाळीच चार्ज करायचे. ही नोंद मोठ्या अक्षरांत हवी. पुण्यामुंबईच्या माणसाला हे सुचणार नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज फुलाचं चित्र असलेलं बटण दाबलं. जवळचं दिसतं म्हणे.

साखरेचा दाणा. त्याला कडा होत्या, कोपरे होते, आत उजेड होता. मग मुंगी. मुंगीच्या पायांवर लव आहे! मग माझ्याच बोटाची कातडी... नांगरलेल्या वावरासारखी.

नागपूरला कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला शुक्रवारी बागेत न्यायच्या. प्रत्येकीच्या हातात एक वही. "आधी पाच मिनिटं नुसतं बघा. पेन्सिल मग." मी सहावीत होते. त्या वहीचा निळा पुठ्ठा अजून डोळ्यांसमोर आहे. आज पाच मिनिटं नुसतं बघितलं, एका मुंगीकडे, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

८ ऑक्टोबर

मागच्या दाराने निघालं की तळ्याची पाळ, पाळीच्या खाली सरूबाईची बांधी, धानाचं वावर. सरूबाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. मी मूलच्या शाळेत बदलून आले तेव्हापासूनची ओळख. नात रंजू माझ्या हाताखाली दहावी झाली.

पाळीवरून बांधीचा फोटो काढला. धान निसवलंय. मधे मधे काही लोंब्या बाकीच्यांहून हातभर उंच, वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेतली उंच मुलं उभी असतात तशा. सुंदर आला. ठेवला.

१० ऑक्टोबर, सोमवार

सकाळी गेले तर सरूबाई गुडघाभर चिखलात, भेसळ उपटत होती. उंच उंच तेवढं ओढून धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, फेकत होती.

"हे काय करता?"

"साफ करून राह्यलो. माह्या मायनं सांगून ठेवलं हाय, जे डोकं वर काढते ते आपलं नाई. उपटाचं."

यंदा पाऊस ओढल्यामुळे तिचे पहिले पऱ्हे, रोवणीची रोपं, जळाले. घरचं बी संपलं. दुसऱ्यांदा टाकायला गावातल्या नामदेवभाऊंकडचं होतं नव्हतं तेवढं सगळं आणलं. ते बीही मुळात हिनेच चार वर्षांपूर्वी त्यांना दिलेलं. पण त्यांच्याकडे थोडं इकडचं तिकडचं मिसळलं असेल, म्हणून यंदा जास्त साफ करावं लागतंय, म्हणाली.

तिचं हे धान दुसऱ्या कुणाकडे राहिलेलं नाही. तिने आईकडून ओटीत आणलं. त्यांची रीतच ती: मुलगी सासरी निघाली की खण-नारळासोबत ओंजळभर बी ओटीत पडतं. रंजूचं लग्न फाल्गुनात. हे पीक त्या ओंजळीसाठी.

मला धानाचं फूल जवळून बघायचं होतं, पण या गुडघ्यांनी चिखलात उभं राहवत नाही. म्हटलं, एक चूड, एवढा एकच झुबका, मुळासकट द्या, घरी बादलीत लावते.

"मंग हे भेसळीचं न्या. नाईतरी म्हशीलेच जाते." दोन चुडं दिली, चिखलाच्या गोळ्यासकट. वर, "बादलीत धान! बाई, तुमी रिटायर झाल्या अन् अंगणात शेती सुरू केली" म्हणून इतकी हसली की तोल गेला.

११ ऑक्टोबर

काय लिहू.

साडेदहाला उन्हं बादलीवर आली. फुलाचं बटण, श्वास धरून. पडद्यावर तुसाचे दोन ओठ मिटलेले. बघता बघता, खरंच माझ्या देखत, ते उघडले. सहा पिवळ्या पिशव्या धाग्यांवर बाहेर लोंबल्या. वारा नव्हता तरी हलत होत्या. आणि आत, अगदी मधे, दोन पिसं. जांभळी. तीळभर जागेत मोराचं पीस असावं तशी. दाण्याच्या टोकावरही जांभळा ठिपका.

तासाभरात मिटलं. काही झालंच नाही असं.

तीस वर्षं फळ्यावर खडूने धानाचं फूल काढलं. भागांना नावं दिली, मुलांकडून पाठ करून घेतली. पाहिलं मात्र आज.

दुपारभर हातून काही झालं नाही. देवापुढे उदबत्ती लावली, कशासाठी ते सांगता येणार नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

सरूबाई सकाळीच सोनं द्यायला आली. म्हटलं, बसा, गंमत दाखवते. कॅमेऱ्यासोबत पिवळ्या टोकाची वायर आहे, ती टीव्हीला लावली की फोटो टीव्हीवर. (प्र.: हे सगळ्यांत भारी. गिऱ्हाइकाला आधी हेच दाखव.)

आधी पाल. "अगंबाई, हे कायले काढलं?" मग मुंगी. मग फूल. टीव्हीभर.

ती उठून अगदी पडद्याजवळ गेली. "हे धान व्हय?"

"तुमच्याच बांधीतलं."

"जलमभर रोवलं, कापलं, चुरलं. त्याले अशी फुलं रायतात?" पदर तोंडावर. मग एकदम शेतकरीण जागी झाली. "पण पाहा, हे भेसळच हाय. आमच्या धानाले टिकली रायते. जांभळी. अशी दाण्याच्या कपाळावर. पिकलं का जाते ते, म्हून फुलावर असतानाच वळखाचं. याले कुठी हाय टिकली?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. "ही काय! चांगली जांभळी आहे."

"ते काळं हाय, बाई. मातेरं लागलं असंन."

मला तर लख्ख जांभळं दिसतंय.

प्र.साठी नोंद: रंग — शंका. कदाचित टीव्हीत गडबड.

१३ ऑक्टोबर

दिवसभर रंगांची परीक्षा. गोकर्ण, वांगं, लग्नातला जांभळा शालू, शाईची दौत. एकेक खिडकीत ठेवून फोटो, मग टीव्हीवर, मग वस्तू शेजारी धरून. सगळं जुळतं. शालूचा तर पीळही दिसतो. तो एवढा विरलाय हे डोळ्यांना कधी कळलं नव्हतं.

संध्याकाळी प्र.चा फोन.

"काकू, रंगात काही खोट नाही. मी शंभर जणांना दाखवला."

"मग तिला काळं का दिसलं?"

"त्यांचं वय काय?" म्हणाला.

मी फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं, तो काय म्हणाला ते.

१५ ऑक्टोबर, शनिवार

सरूबाई आज बाजारात. साडेदहाला मी एकटीच बांधीवर. काठी टेकत धुऱ्याधुऱ्याने फिरले, हात लांब करून पाच ठिकाणी फुलाचे फोटो काढले.

पाचही ठिकाणी पिसं पांढरी. टोकं हिरवट पांढरी. टिकली कुठेच नाही.

घरी येऊन ८ तारखेचा फोटो लावला. उंच लोंब्या मागच्या रांगेत उभ्या. आजचा लावला. गादीसारखी सपाट बांधी.

नामदेवभाऊंकडच्या चार वर्षांत तिचं धान थोडंच उरलं होतं आणि बुटकं सुधारित बी फार झालं होतं. तिची आई सांगायची तेव्हा बांधीत तिचंच धान असायचं, डोकं वर काढणारं परकं. यंदा डोकं वर काढत होतं ते तिचंच.

एवढी वर्षं सरूबाई टिकली नसेल तेच उपटत आली असेल. यंदा टिकली दिसली नाही, म्हणून नुसत्या उंचीवर गेली.

बांधीत आता एकही नाही. जे आहे ते माझ्या बादलीत. दोन चुडं.

१६ ऑक्टोबर

सांगू की नको.

न सांगितलं तर फाल्गुनात ती रंजूच्या ओटीत परकं बी घालेल, आईचं म्हणून. कुणाला कळणार नाही. रंजूलाही नाही. तांदूळ काय, शिजेलच.

आणि डोळे? ते तिने कुणाला सांगितलेले नाहीत. सुईत दोरा ती रंजूकडून ओवून घेते, वर तिलाच "तुह्ये हात शिवशिवतात म्हून" असं म्हणून.

१७ ऑक्टोबर, कोजागिरी

गेले होते सांगायला. दूध दिलं तिने. रंजूच्या साड्या दाखवल्या. न सांगता परत आले.

१८ ऑक्टोबर

बादलीत आज एक लोंबी वाकली. दाणा नखाने दाबला तर दूध आलं. एकच दाबला. नंतर तो एकही दाबायला नको होता असं वाटत राहिलं.

१९ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं.

आधी टीव्हीवर दोन्ही फोटो दाखवले. मग बांधीतली फुलं, पांढरी. तिने ऐकून घेतलं आणि खवळली.

"तुमच्या डबीले काय समजते? चार दिवसांची डबी ते. म्या पन्नास वर्सं धान पाह्यलं. मले धान शिकवता?"

"डबीला धान कळत नाही, सरूबाई. तिला रंग कळतो."

"मले रंग समजत नाई म्हणता?"

मी टीव्ही बंद केला. ती उठून अंगणात गेली, चपला घालायला. बादली वाटेतच आहे. तिथे थांबली. वाकली. एक पान खुडलं, तळहातावर चोळलं आणि नाकाला लावलं.

किती वेळ तशीच.

मग दुसरं पान. तेही चोळलं. मग ओट्यावर बसली आणि त्या हाताची मूठ मिटून ठेवली, जसा काही वास पळून जाईल.

"हे आमचंच हाय," म्हणाली. "शिजताना हाच वास येते."

मी पाणी आणलं. तिने घेतलं नाही.

"म्या माह्या हातानं उपटलं, बाई. एकेक. अन् म्हशीपुढे टाकलं." थोड्या वेळाने, "म्हशीले विचारा आता, चव कशी व्हती." हसायला गेली. हसू आलं नाही.

जाताना दारातून विचारलं, "रंजूले सांगतलं?"

"नाही."

"मीच सांगतो."

२१ ऑक्टोबर

रंजू आणि मी बांधीभर शोधलं. ती चिखलात, मी धुऱ्यावरून कॅमेऱ्याने दूरचं जवळ करून. जरा उंच दिसेल ती एकेक लोंबी तपासली. काही नाही. रंजू चिखलाने माखलेली, मधेच म्हणाली, "म्याडम, आजी दोन दिवस जेवली नाई."

प्र.साठी नोंद लिहायची होती, दूरचं जवळ किती स्पष्ट येतं त्याची. चांगलं येतं. एवढंच लिहिते.

रंगाची शंका मागे घेतली, तेही लिहिलं.

२४ ऑक्टोबर

चिमण्या. बादलीवर ह्यांची जुनी मच्छरदाणी बांधली. सरूबाई रोज दोनदा येते, पाणी बोटाने मोजते, "जास्त झालं" किंवा "कमी झालं" म्हणून मला रागावते. तिच्या रागावण्याचं इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

लोंब्या नऊ. दोन उभ्याच राहिल्यात, वाकत नाहीत. पोचट असणार. उपटताना मुळं तुटली, त्याला धान तरी काय करणार.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. डोळ्यांच्या शिबिराचा फलक लागलाय, चंद्रपूरला. मी काहीच बोलले नव्हते. तीच म्हणाली, "तुमच्या पुतण्याच्या गावी म्हणते ना? मंग तुमीच घेऊन चला मले. रंजू रडते."

"मोतीबिंदू आहे, निघेल" असं म्हटलं.

"निघाले पाह्यजे. पुढच्या साली टिकली मले दिसली पाह्यजे. तुमच्या डबीच्या भरोशावर कुठवर राह्यचं?"

१४ नोव्हेंबर, सोमवार

कापणी! दोन चुडांची. विळा तिने घरून आणला, कुंकू लावून. पाच मिनिटांत झालं. मी फोटो काढले, तिने नको म्हटलं नाही.

सात लोंब्या भरलेल्या, दोन पोचट. दाणे मोजू नका म्हणाली. नाही मोजले. स्वयंपाकघरात खुंटीला टांगल्यात, माझ्याकडे, कारण तिच्याकडे उंदीर.

टोकावरचं जांभळं गेलंय. सगळे दाणे एका रंगाचे, गव्हाळ. टिकली आता कुठेच नाही, त्या एका फोटोत सोडून. जे एक तासभर उघडतं आणि जे पंधरा दिवसांत पुसलं जातं, ते या साबणाच्या वडीत बसून राहिलंय.

१५ नोव्हेंबर

तिघी बसलो होतो. प्रश्न एकच. सात लोंब्या पेरायच्या म्हटलं तर पुढच्या आषाढापर्यंत हात लावायचा नाही, आणि रंजूची ओटी रिकामी. ओटीत घातल्या तर रंजूच्या सासरी कोण पेरणार? त्यांच्याकडे कापूस.

अर्ध्या अर्ध्या, मी म्हटलं. सरूबाई म्हणाली, अर्ध्यात काही उगवलं नाही तर दोन्हीकडे हात रिकामे.

"मंग वटीत फोटो घाल, आजी," रंजू म्हणाली.

"अन् सासरी जाऊन काय फोटो पेरशील?"

दोघी हसल्या. आज खरं हसल्या. ठरलं मात्र काहीच नाही.

२२ नोव्हेंबर

चंद्रपूर. ऑपरेशन दहा मिनिटांचं म्हणतात, बाहेर बसलेल्याला ते दहा मिनिटांचं नसतं. प्रसाद डबा घेऊन आला. हळूच विचारलं, "काकू, रिपोर्ट?"

"देते."

"आतापर्यंत काय वाटते?"

काय सांगू त्याला. सेल लवकर बसतात, अंगठा मधे येतो.

२३ नोव्हेंबर

पट्टी काढली. काळा चष्मा. एसटीत खिडकीशी बसली आणि सगळ्या रस्त्याने बोलत होती. "सगळं निळं निळं दिसून राह्यलं, बाई. आभाळ धुतल्यासारखं. त्या बाईचं लुगडं पाहा. ते पाटी पाहा." मूल जवळ आलं तेव्हा मला पाहून म्हणाली, "तुमचे केस इतके पांढरे कधी झाले?"

२७ नोव्हेंबर, रविवार

दुपारी दीडला आली, रंजूचा हात न धरता. "लावा तुमचा टीव्ही."

वायर लावली. फोटो क्रमानेच येतात, मधलं गाळता येत नाही. (प्र.: हे अडचणीचं आहे.) माझा अंगठा. पाल. "पुन्हा पाल!" मुंगी. ८ तारखेची बांधी, मागच्या रांगेत उंच लोंब्या. तिथे तिने मला थांबवलं. एकेकीवर बोट ठेवत गेली. मग, "चला."

फूल.

तिने काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी नको सांगितलंय. मी अडवलं नाही.

पडदाभर दोन जांभळी पिसं, सहा पिवळे झुबे, आणि दाण्याच्या कपाळावर ती. तिचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला.

"हेच," म्हणाली. "माह्या मायनं एवढं नसंन पाह्यलं. तिनं ठिपकाच पाह्यला." "इतकं जांभळं रायते, अन् मले म्हटलं, काळं."

स्वयंपाकघरात खुंटीकडे बघून विचारलं, "उगवंन काय, बाई?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नाही. उपटलेल्या चुडाचं बी. उगवेल, न उगवेल.

"रंजूचं मी अजून ठरवलं नाई."

"फाल्गुनाला वेळ आहे."

दोनला लाइट गेली. टीव्ही मिटला, मधोमध एक ठिपका राहिला, तोही गेला. सरूबाई हलली नाही.

"कधी येते आता?"

"सहाला."

"येऊ द्या. बसतो मी."

चहा ठेवला. रविवार आहे, म्हणजे संध्याकाळी प्रसादचा फोन येईल, हा कॅमेरा दुकानात ठेवावा की नाही ते विचारायला. ती अजून त्या काळ्या पडद्यासमोर बसली आहे, चष्मा मांडीवर.